जड दगडाचे कोडे सोडवणारा औषधनिर्माता

‘कृत्रिम सूर्या’ची बातमी वर्तमानपत्रात अधूनमधून येते. अमुक देशाच्या यंत्रात इतके कोटी अंश तापमान इतके सेकंद टिकले, असा तिचा मथळा असतो. ती वाचताना कुणाच्याही मनात एक साधा प्रश्न येतो. एवढ्या उष्णतेत ते यंत्रच कसे वितळत नाही? त्याच्या भिंती असतात तरी कशाच्या?

या प्रश्नाच्या उत्तरात टंगस्टन हा धातू येतो. त्याचा माग काढत गेले की आपण स्वीडनमधल्या शपिंग या लहानशा गावातल्या औषधाच्या दुकानात पोहोचतो. तिथे कार्ल विल्हेल्म शेले नावाचा माणूस औषधे कुटत, गाळत, तोलून देत असे. उरलेल्या वेळात तो दगड, हवा, दूध, लिंबू, मूतखडे अशा हाताला लागेल त्या वस्तूची परीक्षा करत असे. आम्हा डॉक्टरांना हा माणूस जवळचा वाटतो. रक्ततपासणीच्या कागदावरचे युरिक ॲसिड आणि अतिदक्षता विभागात तासातासाला पाहिले जाणारे लॅक्टिक ॲसिड, ही दोन्ही त्यानेच प्रथम वेगळी करून दाखवली. त्याच्या मृत्यूकडेही डॉक्टरांनी लक्ष द्यावे, असे मला वाटते. कारण तो प्रश्न अजून आपल्या कारखान्यांतून संपलेला नाही.

चौदाव्या वर्षी औषधशाळेत

शेलेचा जन्म डिसेंबर १७४२ मधला, श्ट्रालझुंड या बंदरातला. हे गाव आज जर्मनीत आहे. त्या वेळी तिथे स्वीडनचे राज्य होते. अकरा भावंडांत तो सातवा. वडील धान्याचा व्यापार करत. विद्यापीठात शिकण्याचा प्रश्नच नव्हता. चौदाव्या वर्षी त्याला गोथेनबर्ग शहरातल्या मार्टिन बाउख यांच्या औषधशाळेत उमेदवारीसाठी धाडण्यात आले. तिथे तो आठ वर्षे राहिला.

त्या काळची औषधशाळा म्हणजे आजचे मेडिकल स्टोअर नव्हे. तयार गोळ्यांची पाकिटे नव्हती. औषधनिर्माता स्वतःच भट्टी पेटवून, अर्क काढून, क्षार शिजवून औषध करत असे. फळीवर पारा, शिसे, सोमल, अँटिमनी, गंधक, तेजाब हे सगळे हाताशी असे. दिवसा मालकाचे काम आणि रात्री मालकाकडच्या रसायनशास्त्राच्या पुस्तकांतले प्रयोग, असा या मुलाचा दिनक्रम ठरून गेला. पुढे १७६५ मध्ये तो माल्मो, १७६८ मध्ये स्टॉकहोम आणि १७७० मध्ये उप्साला इथल्या औषधशाळांत नोकरीला राहिला. गावे बदलली, भट्टी आणि खलबत्ता मात्र तेच.

उप्सालात मोठे विद्यापीठ होते आणि टोर्बर्न बर्गमान हे नामवंत प्राध्यापक तिथे रसायनशास्त्र शिकवत. सोरा तापवून त्यावर व्हिनेगर ओतले की तांबडा धूर का निघतो, हे कोडे तिथे कुणाला सुटत नव्हते. औषधाच्या दुकानातल्या या नोकराने ते सोडवले आणि त्यातून बर्गमान यांची ओळख झाली, असे सांगतात. ती पुढे आयुष्यभर टिकली. फेब्रुवारी १७७५ मध्ये स्वीडनच्या रॉयल विज्ञान अकादमीने शेलेला सभासद करून घेतले. तेव्हा त्याने औषधनिर्मात्याची परीक्षाही दिलेली नव्हती. १७७७ मध्ये तो परीक्षेसाठी स्टॉकहोमला गेला, त्या खेपेत अकादमीच्या बैठकीला हजर राहिला आणि नंतर पुन्हा कधी गेला नाही.

शोध त्याचे, नाव दुसऱ्याचे

हवेत ज्वलनाला मदत करणारा एक वेगळा वायू आहे, हे शेलेने १७७१-७२ च्या सुमारास ओळखले होते. त्याने त्याला अग्निवायू म्हटले. आपण त्याला ऑक्सिजन म्हणतो. पण त्याचे पुस्तक छापून यायला १७७७ साल उजाडले. दरम्यान इंग्लंडमध्ये जोसेफ प्रिस्टली यांनी १७७४ मध्ये तोच वायू मिळवला आणि आधी प्रसिद्ध केला. त्या वायूला आजचे नाव दिले ते पॅरिसच्या लाव्हाझिए यांनी.

असे त्याच्या बाबतीत वारंवार घडले. १७७४ मध्ये त्याने मँगनीजच्या खनिजापासून एक पिवळसर, गुदमरवणारा वायू मिळवला. तो मूलद्रव्य आहे हे ओळखून त्याला क्लोरीन हे नाव देण्याचे काम हंफ्री डेव्ही यांनी १८१० मध्ये केले. मॉलिब्डेनमचे आम्ल शेलेने १७७८ मध्ये वेगळे केले; धातू काढण्यासाठी लागणारी प्रखर भट्टी त्याच्याकडे नव्हती. ते काम त्याचा मित्र पेटर याकोब येल्म याने पुरे केले. शेलेने याबद्दल कुठे भांडण केले नाही. त्याला पुढचा प्रयोग करायचा असे.

वैद्यकाला त्याने काय दिले, ते पाहिले तर थक्क व्हायला होते. १७७६ मध्ये त्याने मूत्राशयातल्या खड्यांतून युरिक ॲसिड वेगळे केले. १७८० मध्ये आंबट दुधातून लॅक्टिक ॲसिड, १७८४ मध्ये लिंबातून सायट्रिक ॲसिड, १७८५ मध्ये सफरचंदातून मॅलिक ॲसिड. ऑलिव्हचे तेल शिशाच्या भस्माबरोबर उकळताना मागे राहणारा गोडसर, दाट द्रव त्याने टिपला. तेच आजचे ग्लिसरीन. हे सारे शपिंगमधल्या औषधाच्या दुकानात. तिथला औषधनिर्माता पोल वारला होता आणि दुकान त्याच्या विधवेकडे, सारा मार्गारेटा यांच्याकडे आले होते. १७७५ पासून शेलेने ते चालवायला घेतले. बाहेरच्या मोठ्या शहरांतून बोलावणी आली, तरी तो तिथून हलला नाही.

जड दगड

स्वीडनच्या लोखंडाच्या खाणींत एक फिकट रंगाचा दगड सापडे. आकाराच्या मानाने तो विलक्षण जड लागे. स्वीडिश भाषेत टंग म्हणजे जड आणि स्टेन म्हणजे दगड. खाणकाम करणारे त्याला टंगस्टेन म्हणत. एवढे वजन म्हणजे आत लोखंड किंवा कथील असणार, असा समज होता.

१७८१ मध्ये शेलेने या दगडाचे पृथक्करण केले. दगडाची पूड करून ती आम्लात शिजवली, गाळली, अवशेष धुतला, पुन्हा शिजवला. त्यात कथील निघाले नाही. निघाला तो चुना आणि त्याच्याशी जोडलेले एक नवे, पिवळ्या पुडीसारखे आम्ल. या आम्लाच्या पोटात एखादा नवा धातू असावा, असे बर्गमान यांनी सुचवले. दोन वर्षांनी, १७८३ मध्ये, स्पेनमधल्या बेर्गारा गावी खुआन होसे आणि फाउस्तो एलुयार या भावांनी वुलफ्रॅमाइट या दुसऱ्या खनिजातून तेच आम्ल मिळवले आणि कोळशाबरोबर तापवून त्यातून धातू काढला. त्यांपैकी थोरला भाऊ आदल्याच वर्षी बर्गमान यांच्याकडे उप्सालात राहून गेला होता. म्हणून या धातूला दोन नावे मिळाली, टंगस्टन आणि वुलफ्रॅम. रसायनशास्त्रातले त्याचे चिन्ह डब्ल्यू आहे, ते वुलफ्रॅमवरून. शेलेच्या वाट्याला तो दगड आला. त्या खनिजाला पुढे शेलाइट असे नाव पडले.

अखेरचे वर्ष

१७८५ च्या शरद ऋतूपासून शेलेची प्रकृती ढासळू लागली. मूत्रपिंडाच्या विकाराची लक्षणे, सांधेदुखी, त्वचेचा त्रास. त्या अवस्थेतही काम चालू होते. १७८६ च्या वसंतात आपण वाचत नाही, हे त्याने ओळखले. दुकान आणि मिळकत विनातक्रार पोल यांच्या विधवेकडे जावी, म्हणून मृत्यूच्या दोन दिवस आधी त्याने तिच्याशी लग्न केले. २१ मे १७८६ रोजी तो गेला. वय त्रेचाळीस.

अडीच शतकांपूर्वीच्या नोंदींवरून नेमके निदान करण्याचा मोह डॉक्टरने टाळावा. पण त्याच्या हातांतून, नाकातून आणि जिभेवरून काय काय गेले, ते त्याच्याच कामावरून कळते. शिसे आणि पारा मूत्रपिंडाची हानी करतात. सोमलापासून त्याने हिरवा रंग केला होता. शेलेचा हिरवा म्हणून तो पुढे घराघरांच्या भिंतींच्या कागदावर गेला आणि त्याने अनेकांना विषबाधा झाली. काच खाणारे फ्ल्युओरीनचे आम्ल त्याने हाताळले, क्लोरीन हुंगला. हायड्रोजन सायनाइडसारख्या जहाल विषाच्या वासाची आणि चवीची नोंद करूनही तो त्या दिवशी वाचला. त्या काळी पदार्थ चाखून पाहणे ही रसायनशास्त्राची मान्य रीत होती. धूर बाहेर ओढणारे कपाट नव्हते, हातमोजे नव्हते आणि स्वीडनच्या थंडीत खिडक्या बंद असत. हा माणूस बेफिकीर नव्हता. रोज थोडे थोडे शरीरात साठत जाणारे विष त्या काळी कुणाला दिसत नव्हते.

रुग्णालयातला शेले

शंभर वर्षांनी त्याचा दगड वैद्यकात परतला. १८९५ मध्ये एक्स किरणांचा शोध लागल्यावर, ते पडले की चमकणारा पदार्थ एडिसनने शोधायला घेतला. त्याला उत्तम ठरलेला पदार्थ कॅल्शियम टंगस्टेट, म्हणजे रसायनाच्या भाषेत शेलाइटच. त्याचा लेप दिलेले पडदे एक्स-रेच्या कॅसेटमध्ये अनेक दशके वापरले गेले. त्यामुळे कमी किरणांत चित्र उमटू लागले. पण एडिसनचा सहायक क्लॅरन्स डॅली रोज स्वतःचे हात किरणांपुढे धरत असे. आधी त्याचे हात भाजले, मग कर्करोग झाला आणि १९०४ मध्ये तो वारला. ही हानीदेखील आधी दिसली नव्हती.

धातूरूपातले टंगस्टन फार ठिसूळ. १९१० च्या सुमारास अमेरिकेत विल्यम कूलिज यांनी त्याची बारीक तार ओढण्याची युक्ती शोधली आणि घरोघरचे दिवे त्या तारेने उजळले. १९१३ मध्ये त्यांनीच टंगस्टनचे लक्ष्य असलेली नवी एक्स-रे नळी केली. या नळीत इलेक्ट्रॉनचा झोत धातूवर आदळतो, पण त्यातली जेमतेम एक टक्का ऊर्जा एक्स किरण होते. बाकी सगळी उष्णता, तीही एका ठिपक्याएवढ्या जागेवर. दुसरा धातू तिथे वितळून जाईल. म्हणून लक्ष्याची चकती गरगर फिरवतात, म्हणजे उष्णता एका जागी साचत नाही. आजच्या सीटी स्कॅन यंत्रात टंगस्टनच्या त्या थराखाली बऱ्याचदा मॉलिब्डेनमचा आधार असतो. शेलेचे दोन्ही धातू तिथे एकावर एक बसलेले आहेत.

भट्टीचा तळ

‘कृत्रिम सूर्या’पुढची अडचण याच जातीची आहे, फक्त फार मोठी. हायड्रोजनची दोन जड भावंडे, ड्युटेरियम आणि ट्रिटियम, सुमारे पंधरा कोटी अंशांना तापवली की त्यांचे अणुगर्भ जुळतात आणि ऊर्जा सुटते. एवढा तप्त वायू, म्हणजे प्लाझ्मा, चुंबकीय क्षेत्राने भिंतीपासून दूर धरून ठेवतात. तरी जळून उरलेले हेलियम आणि उष्णतेचा मोठा वाटा कुठेतरी बाहेर काढावाच लागतो. चुलीला राख पडायला तळ लागतो, तसा या यंत्राच्या तळाशी एक भाग असतो. त्याला डायव्हर्टर म्हणतात.

फ्रान्सच्या दक्षिणेला उभारल्या जात असलेल्या इटर या प्रकल्पात भारतही भागीदार आहे. तिथे डायव्हर्टरच्या काही भागांवर दर चौरस मीटरला दहा मेगावॉट आणि थोडा वेळ वीस मेगावॉटपर्यंत उष्णता पडेल, असे गृहीत धरले आहे. वैशाखातल्या भर दुपारी आपल्या गच्चीवर पडणारे ऊन दर चौरस मीटरला साधारण एक किलोवॉट असते. म्हणजे त्या उन्हाच्या दहा हजार पट, तेही सतत.

लोखंड १,५३८ अंशांना वितळते, तांबे १,०८५ अंशांना. टंगस्टन ३,४२२ अंशांपर्यंत टिकते. धातूंमध्ये हा उच्चांक आहे. पण नुसत्या टंगस्टनने भागत नाही. आपल्याकडचा पाणी तापवायचा तांब्याचा बंब आठवा. मधल्या नळकांड्यात जाळ असतो, भोवती पाणी. पाणी आहे तोवर तांब्याला काही होत नाही, कारण उष्णता पाणी घेऊन जाते. रिकामा बंब पेटवला तर त्याचा डाख सुटतो. डायव्हर्टरमध्येही हेच तत्त्व आहे. काडेपेटीहून लहान असे टंगस्टनचे ठोकळे करतात, प्रत्येकाला आरपार भोक पाडतात आणि माळेतल्या मण्यांसारखे ते तांब्याच्या मिश्रधातूच्या नळीवर ओवतात. नळीतून जोरात पाणी खेळते. प्लाझ्माकडे तोंड टंगस्टनचे, पाठीशी उष्णता वाहून नेणारे तांबे आणि पाणी.

अवघड काम आहे ते या दोन धातूंचा संसार टिकवण्याचे. तापल्यावर तांबे टंगस्टनच्या जवळजवळ चौपट प्रसरण पावते. जोड ताठर ठेवला तर तो तुटेल, म्हणून दोघांमध्ये मऊ, शुद्ध तांब्याचा पातळ थर देतात. तो ताण सोसून घेतो. तापणे-निवणे वारंवार झाले की टंगस्टनला चिरा पडू शकतात. फार तापले तर त्याची अंतर्गत रचना बदलून ते आणखी कमकुवत होते. वेगवान न्यूट्रॉन त्याच्या अणूंना जागेवरून हलवतात. शिवाय पृष्ठभागावरचे थोडे जरी टंगस्टन प्लाझ्मात गेले, अगदी लाखात काही मोजके अणू, तरी ते ऊर्जा बाहेर फेकून प्लाझ्माला थंड करते. म्हणजे भिंतीने आग सोसायची आणि आगीत मिसळायचेही नाही.

इंग्लंडमधल्या जेट यंत्राने २०११ मध्ये टंगस्टनचा डायव्हर्टर बसवून हा मार्ग तपासला. फ्रान्समधल्या वेस्ट यंत्राच्या नावातले पहिले अक्षर टंगस्टनच्या चिन्हावरूनच घेतले आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यात प्लाझ्मा १,३३७ सेकंद, म्हणजे बावीस मिनिटांहून अधिक काळ टिकला. आपल्याकडे गांधीनगरजवळच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेतही उष्णता सोसणाऱ्या अशा घटकांवर काम चालते.

ठोकळा घडवणारा हात

इटरच्या आतल्या भिंतीसाठी आधी बेरिलियम हा हलका धातू ठरला होता. २०२३ मध्ये तो बदलून तिथेही टंगस्टन वापरायचे ठरले. यामागे अभियांत्रिकीची कारणे आहेतच. पण बेरिलियमची धूळ विषारी असते, हेही एक कारण आहे. ती श्वासातून गेली तर काही माणसांच्या फुप्फुसात वर्षांनंतर गाठी धरतात आणि दम लागू लागतो. कोणता पदार्थ किती उष्णता सोसतो, याबरोबर तो घडवणाऱ्याच्या शरीराला काय करतो, हा हिशेब आता आराखड्याच्या कागदावरच मांडला जातो. शेलेच्या दुकानात तो हिशेब नव्हता.

आपल्या औद्योगिक वसाहतींत तो नेहमी मांडला जातो का? टंगस्टन स्वतः बरेच निरुपद्रवी आहे. पण लेथ आणि ड्रिलची जी कठीण कार्बाइडची टोके असतात, त्यांत टंगस्टन कार्बाइडचे कण कोबाल्टने बांधलेले असतात. ती टोके घासून धार लावताना उडणारी बारीक धूळ काही कामगारांच्या फुप्फुसांना सूज आणते. आधी कोरडा खोकला, मग जिना चढताना दम. सुट्टीवर गेले की बरे वाटते, कामावर परतले की त्रास परत. हे लक्षण फार बोलके आहे. वेळीच धुळीपासून दूर केले तर फुप्फुस सुधारू शकते. उशीर झाला तर आत कायमचे व्रण राहतात.

सरकारी रुग्णालयाच्या केसपेपरवर व्यवसायापुढे अनेकदा मजुरी किंवा नोकरी एवढाच शब्द असतो. त्यावरून डॉक्टरला काही कळत नाही. खोकला महिनाभर हटत नसेल, थुंकीच्या तपासणीत क्षयाचे जंतू सापडत नसतील, तर आपण नेमके काय घासतो, काय वितळवतो, कशाची धूळ अंगावर येते, हे रुग्णाने आपणहून सांगावे आणि डॉक्टरने खोदून विचारावे. कार्बाइडला धार लावताना कूलंट वापरून ओले घासावे, यंत्राजवळच धूळ ओढून घेणारी सोय असावी, चेहऱ्यावर नीट बसणारा एन-९५ मास्क असावा. तोंडाला बांधलेला रुमाल ही धूळ अडवत नाही. कामाच्या जागी जेवू नये, कामाचे कपडे घरी न नेता तिथेच बदलावेत. मालकाने वर्षातून एकदा कामगारांची फुप्फुसाची तपासणी करून घ्यावी. हा खर्च एका यंत्राच्या किमतीपुढे किरकोळ असतो.

शपिंगच्या दुकानातला औषधनिर्माता आपल्याला काय होते आहे, हे जाणू शकत नव्हता. आपल्याला ते माहीत आहे. धार लावणाऱ्या यंत्रापुढे आज बसलेल्या माणसाला ते कुणी सांगितले आहे का, एवढे तरी आपण बघितले पाहिजे.